पिकअप 18 देते? घाट उतरताना देत असेल

टोमॅटोचा हंगाम लागला की आमच्या निफाड तालुक्यातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. त्यातलं एक ठिकाण म्हणजे माझा सख्खा भाऊ, जो स्वतः पिकअप चालवतो. थोडक्यात मेसेज असा : कंपन्या 17-18 चं ॲव्हरेज सांगतात आणि गाडी 11 देते, कारण कंपन्या फसवतात. पण पुढच्या गोष्टी करा, भरलेली पिकअपसुद्धा 18 देईल. डिझेल पहाटे भरा, घाटात न्यूट्रल करा, मागचा फाळका उघडा ठेवा, टायरमध्ये नायट्रोजन भरा, गव्हर्नर (वेगमर्यादक) काढून टाका. आणि माल कमी भरून उपयोग नाही, डिझेल तेवढंच लागतं. खाली पुरावा म्हणून मीटरचा फोटो : 18.2.

आधी तो फोटो बघू, कारण लोकांचा विश्वास बसतो तो त्याच्यावर.

आमच्याकडून माल जातो पिंपळगाव बसवंतहून वाशी मार्केटला. जाताना सुमारे 200 किलोमीटर. आता नाशिक-पिंपळगावचा भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे ते सहाशे मीटर उंच आहे आणि वाशी खाडीच्या काठावर. म्हणजे दीड टन माल घेऊन आपण अर्ध्या किलोमीटरहून जास्त खाली उतरतो. गाडी आणि माल मिळून सव्वातीन टन धरले तर या उतरण्यात जी ताकद फुकट मिळते, ती चढून कमवायची म्हटली तर इंजिनाला दीड लिटरच्या वर डिझेल जाळावं लागेल. ती सगळी कामी येत नाही, बरीचशी ब्रेकमध्ये जाते, पण वाशीला पोचेपर्यंतचा आकडा फुगवायला उरलेली पुरेशी असते.

त्यात टाकी भरायची आपली पद्धत. निघताना नोझल ‘कट्ट’ झाल्यावरही गाडी हलवून हलवून गळ्यापर्यंत भरायची आणि परत भरताना पहिल्या कट्टला थांबायचं. समजा 200 किलोमीटरला खरोखर साडेतेरा लिटर लागले. ॲव्हरेज पावणेपंधरा. दुसऱ्यांदा टाकीत दोन लिटर कमी गेले की हिशेबात साडेअकरा लिटर दिसतात आणि तेच ॲव्हरेज साडेसतरा होतं. ना कंपनीने फसवलं, ना गाडीने. आपणच आपल्याला फसवलं. मीटरवरच्या स्क्रीनचं म्हणाल तर ट्रिप इगतपुरीला शून्य करून कसारा उतरल्यावर फोटो काढा, 18 काय, 30 सुद्धा दिसेल. मेसेजमधल्या फोटोत ट्रिपचे किलोमीटर नेमके कापलेले आहेत, हे कुणी बघितलं का?

जाणं-येणं मिळून, एकाच पंपावर, पहिल्या कट्टला थांबून, निदान चार-पाच टाक्यांचा हिशेब घातला तर तो आकडा मी मानीन. आमच्या घरच्या वहीत असा आकडा 13 च्या वर कधी गेलेला नाही.

मग कंपनीचा 17 खोटा का? खोटा नाही, वेगळ्या परीक्षेचा आहे. ही परीक्षा एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थांमध्ये होते. (एआरएआय म्हणजे पुण्यातली वाहन-संशोधन संस्था, 1966 पासूनची.) गाडी रस्त्यावर जातच नाही, रोलरवर उभी राहून चालते. ठरावीक चक्र असतं, 1180 सेकंदांचं, जवळपास साडेदहा किलोमीटरचं, कमाल वेग 90. सरासरी काढली तर ताशी तीस-बत्तीस. हौद्यात सत्तर जाळ्या टोमॅटो नाहीत, समोर कसारा नाही, भिवंडीचं ट्रॅफिक नाही आणि पावसाळ्यात वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री नाही. ही परीक्षा दोन गाड्यांची आपसात तुलना करायला ठीक आहे. तिच्यावरून भाड्याचा दर ठरवायला गेलात तर बुडाल. जाहिरातीत तो आकडा मोठ्या अक्षरात आणि परीक्षेची अट बारीक अक्षरात छापतात, एवढा राग मलाही आहे.

पहाटेचं डिझेल. तत्त्व खरं आहे : डिझेल गार असलं की आकसतं, तेवढ्याच लिटरमध्ये थोडं जास्त येतं. किती जास्त? एका अंशाला साधारण 0.08 टक्के. आता पंपाची टाकी जमिनीखाली पुरलेली. तिथे पहाट आणि दुपार यांत फारसा फरक पडत नाही. तरी धरून चालू की पाच अंशांचा पडला. 40 लिटरमागे 160 मिलिलिटर, म्हणजे पाऊण पेला. आणि पंपाच्या मापाला कायद्याने जी सूट आहे ती 5 लिटरमागे 25 मिलिलिटर, म्हणजे 40 लिटरला 200. पहाटे चारला उठून तुम्ही जे वाचवता त्याच्यापेक्षा मापातली कायदेशीर चूकच मोठी! संशय असेल तर पंपावर 5 लिटरचं शिक्क्याचं माप असतं, ते मागा. घनता मोजून दाखवा म्हणा. तो आपला हक्क आहे आणि त्याला पहाटेचा मुहूर्त लागत नाही.

न्यूट्रलचा दावा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यात माणसं मरतात.

समज असा की न्यूट्रलमध्ये इंजिन ‘मोकळं’ असतं म्हणून डिझेल वाचतं. होतं नेमकं उलटं. गाडी गिअरमध्ये आहे, उताराला लागली आहे आणि तुम्ही एक्सिलेटरवरून पाय काढला, की आताच्या इंजिनांत इंजेक्टर डिझेल सोडणंच बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात, खर्च शून्य. जुन्या पंपवाल्या इंजिनातही डिझेल-पंपातला गव्हर्नर (वेगमर्यादक नव्हे, तो वेगळा) तेच करायचा. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो आणि मग इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल जाळावं लागतं, तासाला अर्धा ते पाऊण लिटर. म्हणजे घाटात न्यूट्रल करणारा डिझेल वाचवत नाही, जाळतो. एक कबूल करतो : हलक्या उतारावर, जिथे ब्रेक लावावाच लागत नाही, तिथे न्यूट्रलमधली गाडी जरा लांबवर घरंगळते आणि थोडा फायदा होऊ शकतो. पण कसाऱ्यात किंवा बोरघाटात ब्रेक न लावता कोण उतरलंय?

ब्रेकचं गणित बघा. सव्वातीन टनांची गाडी कसाऱ्यात जवळपास 300 मीटर खाली येते. तेवढी सगळी शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. काही टायर खातात, काही हवा. उरलेली निम्मी धरली तरी तेवढ्या उष्णतेत बंबभर पाणी उकळेल. गिअरमध्ये असाल तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये तो सगळा बंब ब्रेकच्या ड्रम आणि लायनरवर. खाली आल्यावर चाकाजवळ जो करपलेला वास येतो तो त्याचाच. आणि किल्लीच बंद करणारे महाभाग आहेत, त्यांचं तर पॉवर स्टिअरिंगही जातं आणि दोन-चार वेळा ब्रेक दाबला की ब्रेकला जोर देणारा बूस्टरही रिकामा. ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगायचे. त्यांच्याकडे सेन्सर नव्हते, पण अक्कल होती.

उघडा फाळका. हौद्यावर जाळी लावून वर ताडपत्री ओढलेल्या गाडीला फाळक्याने काय फरक पडणार? हवा अडते ती पुढे आणि वर. साध्या उघड्या हौद्यातही बंद फाळक्याच्या आड हवेचा एक भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते, त्यामुळे फाळका पाडून हाती काही लागत नाही. शिवाय लोंबणारा फाळका मागची नंबर प्लेट आणि दिवे झाकतो. पुढे.

नायट्रोजन. हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. पैसे देऊन उरलेला भरता. त्यापेक्षा दर आठवड्याला, टायर गार असताना, हवा तपासा. भरल्या गाडीचं मागच्या टायरचं प्रेशर वेगळं आणि बरंच जास्त असतं, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं आहे. आमच्या भावाने सहा महिने चारही टायरना एकच आकडा ठेवला होता. मागचे टायर कडेने गेले.

गव्हर्नर. मालवाहू गाडीला 80 चा वेगमर्यादक कायद्याने लागतो. तो काढल्याने ॲव्हरेज वाढतं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो : 60 ला जितका, 80 ला त्याच्या पावणेदोन पट. उंच जाळी लावलेल्या पिकअपला तर ही भिंतच ढकलत न्यावी लागते. माझ्या अंदाजी हिशेबाने 60 ऐवजी 80 ने गेलं की दर 100 किलोमीटरला अडीच लिटरच्या आसपास डिझेल जास्त जातं. समृद्धीवरून आलेले ड्रायव्हर बुचकळ्यात पडतात ते यामुळे : सिग्नल नाही, खड्डा नाही, तरी ॲव्हरेज पडलं कसं? रस्ता मोकळा मिळाला म्हणून पाय खाली गेला, म्हणून पडलं. गव्हर्नर काढून 95 ने पळवाल तर बघायलाच नको.

आता शेवटचा दावा, माल कितीही भरा, डिझेल तेवढंच. हा अर्धा खोटा आहे आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल कुणी बोलत नाही.

दीड टन पासिंगच्या (म्हणजे कागदोपत्री तेवढाच माल न्यायची परवानगी असलेल्या) गाडीत सव्वादोन टन घातले तर 200 किलोमीटरला दीड-पावणेदोन लिटर जास्त जातील. तेव्हा ‘तेवढंच’ नाही. पण टनामागे काढा : 15 लिटरमध्ये दीड टन म्हणजे टनाला 10 लिटर, पावणेसतरा लिटरमध्ये सव्वादोन टन म्हणजे टनाला साडेसात. ओव्हरलोडवाल्याचं गणित डिझेलपुरतं बरोबर आहे, म्हणून तर तो करतो. त्याला ‘डिझेल वाढेल’ म्हणून भीती घालण्यात अर्थ नाही. त्याला सांगायचं ते असं की पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20,000 रुपये आणि वर दर जास्तीच्या टनाला 2,000. आणि नाही पकडलं तरी पाटे, क्लच आणि लायनर आपलं बिल हप्त्याहप्त्याने पाठवतात. नेहमीच दोन टन लागत असेल तर दोन टन पासिंगची एचडी पिकअप बाजारात मिळते, ती घ्यावी.

आणि म्हणूनच किलोमीटर-प्रति-लिटर हा आकडा मालाच्या गाडीला अपुरा आहे. रिकामी गाडी 16 देते, म्हणून ती काही कमावते का? आमच्या वहीत आता तीन रकाने आहेत : किलोमीटर, लिटर, टन. तिसरा रकाना घातल्यावर पहिल्याच महिन्यात दिसलं की पैसे घाटात जात नव्हते. एक तर ते वाशीच्या गेटबाहेर जात होते. रांगेत तीन-तीन तास इंजिन चालू, फॅन चालू, मोबाइल चार्जिंगला. तासाला पाऊण लिटरने दोन लिटर तिथेच उभ्याउभ्या. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही, कारण किल्ली बंद करण्यात गुपित काय सांगणार?

दुसरं, परतीची फेरी. परत येताना आमच्या गाडीत रिकाम्या जाळ्या असतात. वजन किरकोळ, म्हणून भावाला वाटायचं गाडी रिकामीच आहे, म्हणून 80. पण जाळ्या रचलेल्या केबिनच्या वर पाच-सहा थर, ताडपत्री नाही, प्रत्येक भोकातून वारा शिरतोय, आणि पुढ्यात कसारा चढायचा. उतरताना भरलेल्या गाडीने जे दिलं, जवळपास तेवढंच चढताना ही ‘रिकामी’ गाडी देत होती. आता जाळ्या केबिनच्या उंचीइतक्याच रचायच्या, वर ताडपत्री ताणून बांधायची आणि 60 ला यायचं, असं ठरवलंय. उरलेल्या जाळ्या दुसऱ्या दिवशीच्या गाडीत. व्यापाऱ्याला ते पटत नाही, त्याला सगळ्या जाळ्या त्याच रात्री पिंपळगावात हव्या असतात. त्यावरून आमचा वाद अजून चालू आहे.