‘ऐरोलीकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: स्लीप की मेन स्विच?

ऐरोलीकर, ऑफिस सुटल्यावर कॉम्प्युटर ‘स्लीप’मध्ये म्हणजे झोपवून ठेवा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘स्लीप म्हणजे धूळफेक. मशीन रात्रभर वीज खातच राहतं, वर लाइट गेली की काम पाण्यात. मेन स्विच पाडा आणि घरी जा. एसीत बसून लेख लिहिणाऱ्यांना हे कळायचं नाही.’

मत वेगळं असायला हरकत नाही, पण ते शेवटचं वाक्य कशासाठी? वागळे इस्टेट आणि महापेतल्या ऑफिसांची वर्कस्टेशन्स बसवणं आणि दुरुस्त करणं हेच माझं काम आहे. मुद्दा सोडून लिहिणाऱ्याची लायकी काढणं ही चर्चेची रीत नव्हे.

आता ‘वीज खातच राहतं’ याबद्दल. एस-३ स्लीपमध्ये (म्हणजे नेहमीच्या साध्या स्लीपमध्ये) प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, डिस्क, पंखे सगळं बंद होतं. वीज लागते ती मुख्यतः रॅममधला मजकूर टिकवायला, बहुतेक मशीनवर अवघी २ ते ५ वॅट. रिकामं पण जागं मशीन १०० वॅट धरलं तर १४ तासांत १.४ युनिट जातात. ३ वॅटने ०.०४२. तरीही तुमचा मीटर पळत असेल तर मशीन झोपलेलंच नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स’ (powercfg /requests) ही विंडोजची कमांड चालवा. कोणता ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम झोपू देत नाही ते तिथेच दिसतं. बरेचदा ऑडिओ ड्रायव्हर असतो, नाहीतर कुणीतरी नेटवर्कवरून उघडी ठेवलेली फाइल. झोपून परत उठत असेल तर ‘पॉवरसीएफजी /लास्टवेक’ (powercfg /lastwake) बघा, कशाने उठवलं ते कळतं. दोषी नेटवर्क कार्ड निघालं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर फक्त मॅजिक पॅकेटनेच (मशीन उठवण्यासाठी नेटवर्कवरून मुद्दाम पाठवलेल्या संदेशानेच) उठण्याची परवानगी ठेवा.

लाइट गेल्यावर साध्या स्लीपमधली रॅम पुसली जाते, हे खरं. त्यासाठीच हायब्रिड स्लीप आहे: रॅमची प्रत डिस्कवरही लिहिली जाते, लाइट आल्यावर काम तिथून परत मिळतं. मॉडर्न स्टँडबायच्या (एस-३ ऐवजी नव्या प्रकारची झोप असलेल्या) मशीनवर हा पर्याय नसतो, तिथे हायबरनेट करा, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद होतं. लेखात हे होतं. वाचायचे कष्ट घ्यायला हवे होते.

रोज मेन स्विच पाडलात तर मशीन बंद असतानाही मदरबोर्डला मिळणारा ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठाही जातो. मग बॅकअपसाठी मशीन नेटवर्कवरून उठवता येत नाही आणि मदरबोर्डवरचं घड्याळ रात्रभर सीआर२०३२ या बटणासारख्या छोट्या सेलवर चालतं, म्हणून सेल लवकर उतरतो.

लाइट गेल्यावर बॅटरीवर मशीन चालवणारा यूपीएस स्वतःही वीज खातो, हा तुमचा आणखी एक मुद्दा मान्य; लेखात मी तो एका ओळीत उरकला होता. 

पुढे वाद घालायचा असेल तर आधी ‘/रिक्वेस्ट्स’चं उत्तर इथे टाका.