शिक्का बसतो म्हणे!

आज शाळेच्या गेटवर एक बाई दुसरीला मुलांच्या अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन जड जाण्याच्या, तपासणीबद्दल सांगत होत्या, "टेस्ट-बिस्ट करू नका हो, पोरावर कायमचा शिक्का बसतो." तेव्हापासून डोकं तापलंय.

अहो, शिक्का बसायचा राहिलाय कुठे? ढ, आळशी, लाडावलेला! माझ्या भाच्यावर चौथीपर्यंत हे सगळे बसून झाले होते. तोंडी विचारलं की अफझलखानाची भेट अख्खी रंगवून सांगायचा आणि वहीत 'प्रतापगड'चा 'परतपगाड'. बाईंनी शंभर वेळा लिहायला लावलं. लिहिलं त्याने, रडत रडत. बहुतेक ओळी चुकल्या, आणि चूक दर वेळी वेगळी. आळशी पोरगं शंभर ओळी लिहील का?

मग तपासणी झाली. आधी कान, डोळे. नंतर बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन, गणित. बुद्धी उत्तम, पण डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) आणि डिसग्राफिया (लेखनातली अडचण), म्हणजेच अध्ययन अक्षमता. ताई तो कागद हातात धरून रडली, पण ते रडू सुटकेचं होतं. इतकी वर्षं 'आईचंच लक्ष नाही' हे ऐकत आली होती ती.

त्यानंतर शंभर ओळी बंद. रिमेडियलच्या, म्हणजे अशा मुलांना खास पद्धतीने शिकवणाऱ्या, बाई शब्द फोडून, काना-वेलांटी वेगळ्या रंगाने काढून शिकवायला लागल्या. अजूनही हळू वाचतो, पण वाचतो. आणि सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखत नाही.

हो, नुसत्या मार्कांसाठी, परीक्षेतल्या सवलती मिळाव्यात म्हणून, अध्ययन अक्षमतेचं सर्टिफिकेट काढणारे पालकही आहेत. असतील. म्हणून खरी अडचण असलेल्या मुलांनी भोगायचं?

खाजगीत ही तपासणी महाग पडते, मान्य. पण मुंबईत सायनच्या पालिका रुग्णालयात यासाठी वेगळं क्लिनिक आहे. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आपल्या राज्यात आहेत, त्यांची सुरुवात १९९६ मध्ये झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचं नाव स्पष्ट घातलंय. तरी शिक्षकच पालकांना म्हणतात, "थांबा, मोठा झाला की येईल."

नाही येत हो आपोआप. आणि तोवर मूल स्वतःलाच ढ समजायला लागतं, ते बघवत नाही.

साधारण आठव्या वर्षापासून निदान पक्कं करता येतं. तिसरीत शंका आली तर तिसरीतच जा. दहावीच्या तोंडावर धावलात तर जादा वेळ मिळेलही, पण वाचायला शिकवण्याची वर्षं हातची गेलेली असतात.