दहा टक्के पाणी आणि मत्स्यशिडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचा राग रास्त आहे आणि अर्धा मुद्दा मान्यही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : धरण झालं की खाली नदीत दहा टक्के पाणी सोडायचं, बाजूला मत्स्यशिडी (माशांना धरण ओलांडून वर जाता यावं म्हणून बांधलेली पायऱ्यांची वाट) उभारायची, चार झाडं लावायची आणि अहवालात 'परिणाम कमी केले' लिहून मोकळं व्हायचं, ही सगळी धूळफेक, आणि धरणांचे नदीवरचे परिणाम कमी करण्याबद्दलचा माझा लेख तिलाच हातभार लावतो.

मत्स्यशिडी मी एका ओळीत उरकली, ते चुकलंच. हौदामागून हौद अशी शिडी सॅमनसारख्या उड्या मारत चढणाऱ्या माशांसाठी. थायलंडमधल्या पाक मून धरणावर अशीच शिडी बांधली आणि ती जवळपास निकामी ठरली, कारण तिथले बहुतेक मासे उड्या मारणारे नाहीतच. २००१ मध्ये धरणाचे दरवाजेच वर्षभर उघडे ठेवले, तेव्हा बऱ्याच जाती वर परतल्या. शिवाय मासा वर चढला तरी त्याची पिल्लं खाली येताना संथ जलाशयात अडकतात, हा हिशोब कुणी धरत नाही.

दहा टक्क्यांचंही तसंच. नदीत किती पाणी राहू द्यावं हे ठरवण्याच्या टेनंट यांच्या १९७६ च्या पद्धतीत वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १० टक्के हा जलचरांनी थोडे दिवस जेमतेम तग धरण्याचा आकडा आहे. बऱ्यापैकी अधिवासासाठी ३० टक्के. तग धरण्याचा आकडा बारमाही नियम करून टाकला, तर नदीही तशीच उरणार.

पण 'यातलं काहीच चालत नाही' हे पटत नाही. चालतं ते आराखड्यातच असावं लागतं : भिंतीला तोंडं किती आणि कोणत्या पातळीवर.

उन्हाळ्यात खोल जलाशयात थर पडतात. वर कोमट, हलकं पाणी. मग काही मीटरांतच तापमान झपकन उतरतं. तळाचं पाणी गार, जड, आणि वरच्यात मिसळत नसल्याने प्राणवायू संपत आलेलं. तिथे गाळातलं लोह-मँगनीज विरघळतं, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. विमोचकाचं (जलाशयातलं पाणी खाली सोडणाऱ्या वाटेचं) तोंड तळाशी असेल तर तुमचे दहा टक्के याच थरातून जातात. कागदावर विसर्ग पुरा, नदीत मात्र ऐन उन्हाळ्यात हिवाळा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं पाणी पूर्वी उन्हाळ्यात २५ अंशांच्या वर जाई. ग्लेन कॅन्यन धरणाचा जलाशय भरल्यावर, धरणाखाली ते कित्येक वर्षं ८ ते १२ अंशांत राहिलं. पाणी तापल्यावरच अंडी घालणारे देशी मासे वाट पाहत बसले.

यावर उपाय बहुस्तरीय विमोचक. जलाशयातलं पाणी आत घेणाऱ्या मनोऱ्याला वेगवेगळ्या पातळ्यांवर तीन-चार दरवाजे, जलाशयात दर एक-दोन मीटरवर तापमापक बांधलेली तार, आणि त्या आकड्यांवरून कोणता दरवाजा उघडायचा ते ठरवायचं. बिघडतं कुठे? दरवाजावर पुरेसं पाणी नसलं की भोवरा पडतो आणि टर्बाइनमध्ये हवा ओढली जाते. फटींतून तळाचं पाणी गळलं की ठरवलेलं तापमान साधत नाही. आणि हे दरवाजे क्रेनने उचलावे लागत असतील तर ते हंगामात एखाद्याच वेळी हलतात. माझ्या मते खरं दुखणं हेच.

नंतर बसवायचं म्हटलं तर काय होतं, ते कॅलिफोर्नियातल्या शास्ता धरणावर दिसतं. धरण १९४५ मध्ये पुरं झालं, भिंतीला बाहेरून पोलादी तापमान-नियंत्रक बसला १९९७ मध्ये, खर्च सुमारे ८ कोटी डॉलर. तिथे गरज उलटी होती : सॅमनच्या अंड्यांना गार पाणी हवं. नियंत्रक बसेपर्यंत त्यासाठी टर्बाइन टाळून खालच्या तोंडांतून पाणी सोडत, आणि तेवढी वीज बुडे.

किमान प्रवाहाला स्वतंत्र नळीच हवी. सांडव्याचे मोठे वक्र दरवाजे दोन-चार सेंटिमीटर उचलून ठेवले की थरथरतात, तळाचं रबरी सील फाटतं. छोट्या नळीच्या टोकाला शंकू-झडप (पाणी शंकूवरून चहूकडे फेकणारी झडप) बसवली की पाणी फवाऱ्यासारखं फुटतं, जाता जाता प्राणवायूही मिसळतो. (सांडव्यावरून खोल डोहात कोसळणाऱ्या पाण्यात मात्र हवा नको तितकी विरघळते, संपृक्तता (पाण्यात एरवी मावते त्या तुलनेत विरघळलेली हवा) ११० टक्क्यांच्या वर गेली की उथळ पाण्यातल्या माशांच्या अंगात बुडबुडे धरू लागतात.) वीजगृह बंद करताना विसर्गही पायरीपायरीने उतरवायचा, नाहीतर काठच्या डबक्यांत पिल्लं कोरडी पडतात.

राहिली झाडं. ती लावण्याआधी बुडणाऱ्यांचा विचार हवा. सुरिनामच्या ब्रोकोपोंडो जलाशयात १९६४ पासून सुमारे १,५०० चौरस किलोमीटर जंगल उभंच्या उभं बुडवलं. ते कुजून निघालेल्या वायूने आणि आम्लाने टर्बाइनचे भाग गंजले. खोड पाण्याखाली अनेक दशकं टिकतं, आधी कुजतो तो पाला आणि झुडपं. म्हणून पाणी चढण्याआधी तेच काढून बुडीत क्षेत्राबाहेर न्यायचं. तिथेच जाळून राख सोडली तर त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) पाण्यात उतरतं आणि पहिल्याच वर्षी शेवाळ माजतं.