त्या ताईंनी वांगे परत ठेवले, एवढेच

आज सकाळी आमच्या चर्चच्या आवारातील भाजीबागेत वाटप चालू असताना एका ताईंनी टोपलीतले वांगे उचलले, तळहातावर त्याचे वजन जोखले आणि ते परत ठेवून दुसऱ्याकडे हात नेला. मदतीला आलेले एक गृहस्थ सगळ्यांच्या देखत म्हणाले, "फुकट मिळतंय, त्यात काय निवडायचं?" ताईंनी मान खाली घालून पहिलेच वांगे पिशवीत टाकले आणि त्या निघून गेल्या. माझा संताप अजून उतरलेला नाही.

भुसावळ-यावलकडच्या बाईला वांगे पारखायला कोणी शिकवावे लागत नाही. भरतासाठी आकाराने मोठे, पण हाताला हलके वांगे घ्यायचे, कारण जड वांग्यात बिया जास्त निघतात, हे बामणोदच्या वांग्यांवर वाढलेल्या आपल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने मिरवले. मग वांगे हातात घेऊन पाहण्याचा अधिकार फक्त पैसे मोजणाऱ्यालाच आहे काय? त्या ताईंनाही घरी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची असतील, बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात, कुटायची असतील आणि मुलांच्या ताटात कळण्याच्या भाकरीसोबत वाढायची असतील.

रेशनवर, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार, माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते. भाजी मिळत नाही. हातावर पोट असलेल्या घरात मजुरी बुडाली की आधी भाजीच सुटते, आणि म्हणूनच ही बाग उभी राहिली. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे काका दिवस उगवायच्या आत येऊन वाफ्यांना पाणी देतात. तरुण संघातील मुली झाडन् झाड पाहत जातात आणि अळीने पोखरलेला, मान टाकलेला शेंडा दिसला की तो खुडून बागेबाहेर नेऊन नष्ट करतात, कारण तीच अळी पुढे फळात शिरते. एवढी निगा राखायची ती काय कोणाच्या पदरात नको असलेले वांगे घालण्यासाठी?

हंगामाच्या सणाला आपण प्रथमफळ वेदीपुढे नेतो, तेव्हा घरातले सर्वांत चांगले निवडून नेतो. तिथे निवड करणे ही भक्ती ठरते आणि टोपलीपाशी तीच उद्धटपणा ठरते, हे मला पटत नाही, पटणारही नाही.

ते गृहस्थ मनाने वाईट नाहीत. बागेतील पाण्याची टाकी त्यांनीच बसवून दिली आहे आणि त्याबद्दल आम्ही सर्व त्यांचे ऋणी आहोत. परंतु टाकी दिल्याने कोणाला खाली मान घालायला लावण्याची मुभा मिळत नाही. सगळेच निवडू लागले तर शेवटच्या घरांना उरलेसुरले मिळते, हेही खरे. मग रांग आलटून पालटून लावावी, त्या ताईंना दटावण्याचे कारण नाही.

येत्या शनिवारपासून टोपल्या आमच्या हाताशी न ठेवता बाकावर मांडू आणि ज्याची त्याने भाजी घ्यावी, असे मी पाळकसाहेबांना सुचवले आहे. त्या ताईंच्या घरी आज संध्याकाळी महिला मंडळातील दोघी जाणार आहेत. मेथीच्या वाफ्यांत तण माजले आहे; ज्यांना निंदणीला येणे शक्य असेल त्यांनी शुक्रवारी ऊन चढण्यापूर्वी यावे, खुरपी बागेतच आहेत.