मॅग्नेशियमची दांडी आणि ‘भाबडे उपाय’

आदरणीय महोदय,

गीझरच्या टाकीत बसवलेली, टाकीऐवजी स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची दांडी वेळेवर बदलून टाकीचे आयुष्य वाढवण्याविषयी मी लिहिलेल्या लेखावरील आपली प्रतिक्रिया वाचली. मतभेदाचे मी नेहमीच स्वागत करतो. परंतु “घरबसल्या मेकॅनिक झालेल्यांनी लोकांना भाबडे उपाय शिकवू नयेत, जी टाकी गळायची ती गळतेच, मॅग्नेशियमच्या दांडीने काही होत नाही” या वाक्यात मतभेद थोडा आणि अधिक्षेप फार आहे. सहीखाली आपण ‘निवृत्त अभियंता’ असे लिहिले आहे. कोणत्या शाखेचे, ते मात्र लिहिलेले नाही.

आधी माझी चूक मान्य करतो. दांडी “दरवर्षी बदलावी” असे मी लिहिले होते. “दरवर्षी तपासावी आणि झिजली असल्यास बदलावी” असे लिहायला हवे होते. इंदूरमध्ये ज्यांच्याकडे केवळ नर्मदेचे पाणी येते त्यांची दांडी बरीच टिकते, बोअरिंगवाल्यांची लवकर संपते, हा भेद मी सांगायला हवा होता.

आता “काही होत नाही” याविषयी. पोलादी टाकीला आतून काचेसारखा लेप दिलेला असतो, पण तो कधीच निर्दोष नसतो. जोडांपाशी आणि बारीक छिद्रांत पोलाद उघडे राहते, आणि नळातून येणारे प्रत्येक ताजे पाणी सोबत प्राणवायू घेऊन येते. त्या उघड्या ठिपक्यांवरच गंज धरतो. मॅग्नेशियमचे प्रमाण विद्युत्-विभव (धातू किती सहज इलेक्ट्रॉन सोडतो याचे माप; जितके अधिक उणे, तितके सहज) उणे 2.37 व्होल्ट, तर लोखंडाचे उणे 0.44 व्होल्ट. दोन्ही धातू एकमेकांना जोडलेले आणि एकाच पाण्यात बुडालेले असले, की मॅग्नेशियम विरघळते आणि त्याचे इलेक्ट्रॉन पोलादाकडे जात असल्यामुळे पोलाद विरघळायचे थांबते. दांडी संपली, की पाळी टाकीची. ‘भाबडा’ म्हणून आपण ज्याची संभावना केली तो उपाय हंफ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्यांसाठी सुचवला होता. तिथे जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे वापरले होते. तांबे खरोखरच वाचले. ते इतके वाचले, की त्याचे विष पाण्यात उतरेना आणि तळाला शिंपले व शेवाळ चिकटू लागले, म्हणून नौदलाने तो नाद सोडला, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो.

आणि ‘घरबसल्या’ हा शब्द माझ्या बाबतीत फारच अस्थानी आहे. माझे वडील इंदूरच्या एका कापडगिरणीच्या बॉयलर-हाऊसमध्ये आयुष्यभर राबले. 1923 च्या बॉयलर कायद्याप्रमाणे तपासणीची वेळ आली, की बॉयलर थंड करून, रिकामा करून, आत माणूस उतरवून साफ करावा लागे. लहानपणी डबा घेऊन जाताना मी नळ्यांवरून खरवडलेल्या क्षारांचे ढीग पाहिलेले आहेत. त्या अजस्र बॉयलरची एवढी काळजी, आणि स्नानघरातील पंचवीस लिटरची टाकी दहा वर्षे कुणी उघडून पाहत नाही! सुदामानगरच्या घरी आमचा पहिला गीझर पाचव्या वर्षी गळला. खालचा फ्लँज (टाकीचे बोल्टने बसवलेले झाकण) काढला तेव्हा दांडीच्या जागी नुसती तार उरली होती. दुसरा 2009 मध्ये बसवला. पाणी त्याच बोअरिंगचे, परंतु दांडी आजवर पाच वेळा बदलली, प्रत्येक वेळी तळाचा गाळ काढला आणि रबरी गॅस्केट नवे घातले. तो आजही गळत नाही. “एका उदाहरणाने काय सिद्ध होते” असे आपण म्हणाल. आपणही एकच उदाहरण दिले आहे, आणि तेही गळक्याचे.

एक गोष्ट लेखात होती, ती आपण वाचली नसावी: टाकीला एकदा छिद्र पडले, की दांडी, झाळकाम, एपॉक्सी, सगळे व्यर्थ. उपाय त्याआधीचा आहे.

वॉरंटीच्या काळात गीझर उघडू नये, फ्लँज सोडण्यापूर्वी एमसीबी (वीज तोडणारा खटका) बंद करून आणि पाण्याचा कॉक आवळून टाकी रिकामी करावी, नवा गीझर वीज कमी घेतो, हे आपले बाकीचे मुद्दे ठीक आहेत. त्यांवर लिहिण्यासारखे मला काही दिसत नाही. (एमसीबीचा उल्लेख लेखात राहून गेला होता, तो आता जोडला आहे.)

आपला गीझर चार वर्षांत गळला, याचे मला खरोखर वाईट वाटते. त्या चार वर्षांत तो एकदा तरी उघडला होता का, आणि घरी पाणी कोणते येते, एवढे दोन तपशील आपल्या दीर्घ प्रतिक्रियेत आढळले नाहीत. ते कृपया कळवावेत.