दोनशे वीस रुपयांच्या गुलाबाबद्दल

नमस्कार ताई,

आमच्याकडून घेतलेल्या गुलाबाच्या रोपाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. रोपाची अशी अवस्था झाली याचं वाईट वाटलं, आणि तुमच्या मेसेजला उत्तर द्यायला दोन दिवस लागले ही चूक सर्वस्वी आमची. माफी मागते. सकाळी सात ते दहा हात मातीत असतात आणि फोन खाली घरात राहतो. पण दोन दिवस म्हणजे फारच झाले, मान्य.

आता बाकीचं. तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. गुलाबाची पानं बारा दिवसांत करपली, रोपावर एकही कळी नव्हती, आणि "सोरतापवाडीला पन्नासला मिळणारं रोप छंदाच्या नावाखाली दोनशे वीसला विकून लुबाडतात." पहिल्या दोन्हींचं उत्तर पुढे आहेच. तिसरं वाक्य मात्र जिव्हारी लागलं. काल एका बाईंनी सहा कुंड्यांची ऑर्डर रद्द करताना तेच वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रोप सोरतापवाडीहूनच येतं. हे कधीच लपवलेलं नाही, विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. सोलापूर रस्त्यावरच्या त्या नर्सऱ्यांच्या पट्ट्यातून पुण्यातले कितीतरी छोटे विक्रेते माल उचलतात, आणि तिथली डोळा भरलेली कलमं (रानगुलाबाच्या काडीवर चांगल्या गुलाबाचा डोळा बसवून केलेली) चांगलीच असतात. आम्हाला ते ४५ रुपयांना पडतं. तुम्हाला किरकोळीत पन्नासला मिळत असेल तर अवश्य घ्या. फक्त त्या पन्नास रुपयांत काय मिळतं ते बघा: काळी पिशवी, आत मुठीएवढा चिकट लाल मातीचा गोळा आणि त्यात एक काडी. तो गोळा टेम्पोच्या प्रवासात फुटू नये म्हणून तसा घट्ट केलेला असतो. नर्सरीवाल्याची ती गरज आहे, त्यात फसवणूक नाही. पण तोच गोळा तसाच कुंडीत ठेवला, तर चार उन्हांत तो विटेसारखा कडक होतो. वरून घातलेलं पाणी त्याच्या कडेने खाली निघून जातं. कुंडी ओली दिसते, मुळं कोरडी राहतात. "रोज पाणी घालूनही गुलाब वाळला" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हाच गोळा असतो.

आमच्याकडे आलेलं रोप दोन दिवस सावलीत राहतं. मग गोळा पिशवीतून काढून पंधरा-वीस मिनिटं बादलीत भिजवायचा आणि बाहेरचा थर व खालचा साधारण तिसरा भाग बोटांनी हलकेच सोडवायचा. पूर्ण धुवायचा नाही, नाहीतर केसासारखी पांढरी मुळं मातीबरोबर निघून जातात, आणि पाणी पिणारी मुळं तीच. मग आठ इंची कुंडी. तिच्यात साधारण साडेचार लिटर मिश्रण बसतं: चार भाग पोयटा माती, तीन भाग गांडूळखत, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जाडी वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट धुतलेलं लिहिलं ते मुद्दाम. पाच किलोची वीट फुगून साठ-सत्तर लिटर होते, पण तिच्यातला खार दोन-तीन पाण्यांनी काढला नाही तर कोवळ्या पानांच्या कडा जळतात. कलमाचा डोळा मातीच्या वर इंचभर राहिला पाहिजे, आणि कुंडीच्या काठाशी पाण्यासाठी इंचभर जागा.

पुढचे बारा दिवस पन्नास टक्के सावली देणाऱ्या हिरव्या नेटखाली. मग सकाळचं दोन तास ऊन, मग चार, मग पूर्ण. दुसऱ्या आठवड्यात जुनी पानं पिवळी पडून गळतात, त्याला घाबरायचं नसतं. या काळात येणारी प्रत्येक कळी आम्ही खुडतो, कारण मुळं धरायच्या आधी फूल येऊ दिलं तर काडी स्वतःला खाऊन ते फुलवते आणि नंतर वरून वाळत येते. तुमच्या रोपावर कळी नव्हती ती यामुळे. फुलासकट रोप विकणं आम्हालाही सोपं आहे ताई, गिऱ्हाईक फूल बघूनच पैसे काढतं. तांबूस फूट तीन-चार इंच झाली आणि तळाच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं की मगच रोप विक्रीच्या रांगेत येतं. पाच ते सहा आठवडे जातात.

आता हिशेब, तुम्ही काढलाच आहे तर. रोप ४५. टेम्पोचं भाडं रोपामागे ८. कुंडी ३८. मिश्रण २४. पेंड आणि फवारणी ६. शंभरातली चौदाएक रोपं या सहा आठवड्यांत मरतात. त्यांची कुंडी परत वापरता येते, बाकीचा खर्च मात्र जगलेल्यांवरच बसतो, ते १४. मदतीला येणाऱ्या मावशींची मजुरी रोपामागे २०. झाले १५५. उरले ६५. त्यातून उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर, फाटलेली नेट, बदलून दिलेली रोपं, आणि मग जे उरेल ते आमचं. सहा आठवडे रोज दोन वेळा बघितल्याचं. यात लूट कुठे बसते ते मला खरंच कळलेलं नाही. हौसेने सुरू केलेलं काम आहे म्हणून त्यातल्या हातांची मजुरी धरायची नाही, असं आपल्याकडे फार जणांना वाटतं. इडल्या विकणाऱ्या बाईलाही हेच ऐकावं लागतं: घरीच तर करता.

राहिली करपलेली पानं. तुम्ही टाकलेल्या फोटोंपैकी दुसरा मोठा करून बघा. काडीच्या बुंध्याशी मातीवर काळपट राखाडी दाणे दिसतात, मी मोजले, वीसच्या पुढे आहेत आणि अर्धे मातीत विरघळलेले. ते डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) हे रासायनिक खत आहे. त्यात अठरा टक्के नत्र आणि सेहेचाळीस टक्के स्फुरद असतं. ते शेतात एकरावर पसरायचं खत आहे, साडेचार लिटरच्या कुंडीत बुंध्याला चमचाभर टाकायचं नाही. दाण्याभोवतीचं पाणी इतकं खारट होतं की मूळ पाणी घ्यायच्या ऐवजी गमावतं, आणि पान टोकाकडून व कडांनी तपकिरी होत आत जळत येतं. तुमच्या फोटोत अगदी तसंच आहे. काळ्या ठिपक्यांचा रोग असता तर गोल डाग आणि भोवती पिवळेपणा दिसला असता, भुरी हा बुरशीचा रोग असता तर पिठासारखा थर. तिसऱ्या फोटोत कुंडीच्या मागे एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी दिसते. त्याची गरम हवा दिवसभर पानांवर येत असेल तर धडधाकट रोपही माना टाकेल. आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठलेलं आहे, तेही नको.

"पहिले तीन आठवडे कुठलंही खत नको" हे मी तुम्हाला तोंडी सांगितलं होतं. पण तेव्हा शेजारी आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, तुम्हाला पिशवी धरायची होती, फोन वाजत होता. ऐकू गेलं नसेल. लिहून द्यायला हवं होतं, तेवढं आमचं चुकलं. यापुढे कुंडीबरोबर एक चिठ्ठी द्यायची असं ठरवलंय, छापून आल्या की लगेच. फोनचंही काहीतरी बघतो.

रोप अजून गेलेलं नसावं. बुंध्याजवळ नखाने हलकंसं खरवडा. साल निघून आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर ती फांदी गेली. दाणे आणि वरची अर्धा इंच माती काढून टाका. कुंडी बाथरूममध्ये उचलून ठेवा आणि बारा-तेरा लिटर साधं पाणी तीन टप्प्यांत हळूहळू घाला, प्रत्येक वेळी खालून पूर्ण निथळू द्या. विरघळलेलं खत त्याबरोबर बाहेर पडतं. वाळलेल्या फांद्या हिरव्या भागापर्यंत, फांदीवरच्या एखाद्या डोळ्याच्या, म्हणजे फूट येणाऱ्या जागेच्या, पाव इंच वर तिरक्या कापा आणि कापाला कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची पेस्ट लावा. नंतर पाणी रोज नको, बोट पेराएवढं मातीत घालून कोरडं लागलं तरच. जागा सकाळच्या उन्हाची, एसीपासून लांब. आणि कलमाच्या सांध्याच्या खालून जोरदार फूट आली तर खूश होऊ नका. ती खालच्या रानगुलाबाची असते, बुडापासून काढून टाका, नाहीतर वर्षभराने वरचा गुलाब जाऊन नुसता तोच उरतो.

तीन आठवड्यांत नवी फूट आली नाही तर रोप घेऊन या, दुसरं देईन. खत घातलं होतं की नव्हतं यावर वाद घालणार नाही. पैसेच परत हवे असतील तर तेही देईन, फक्त रोप कुंडीसकट आणा. कुंडी ३८ रुपयांची आहे.