को-अ‍ॅप्लिकंट, तारण आणि आमचे काका

अमेरिकेतल्या एमएसची अ‍ॅडमिशन मिळवणं सोपं आहे हो, खरी एन्ट्रन्स त्यानंतर घरच्या हॉलमध्ये होते. युनिव्हर्सिटी म्हणते आय-ट्वेंटी (व्हिसासाठी लागणारा युनिव्हर्सिटीचा फॉर्म) हवा असेल तर पहिल्या वर्षाच्या खर्चाचे पैसे दाखवा. नुसते दाखवायचे, पण दाखवायला आधी असायला नकोत का?

मग बँकेत गेलो. 7.5 लाखांपर्यंत तारण लागत नाही म्हणाले, तेवढ्यात माझं एक सेमिस्टरसुद्धा बसत नव्हतं. माझे को-अ‍ॅप्लिकंट, म्हणजे सहकर्जदार, बाबा छाती काढून म्हणाले, दीड एकर ऊस आहे, लिहून घ्या. साहेब म्हणाले, शेतजमीन नाही चालत काका, घर, फ्लॅट, एफडी असं काही आहे का? बाबांना आयुष्यात एवढा अपमान कुणी केला नसेल, पुढचे दोन दिवस ते उसाशीपण बोलले नाहीत.

बिनतारणी कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्या आहेत, त्यांचा माणूस फोनवर एवढा गोड बोलतो की आपण त्याचे जावई वाटतो, पण व्याज जास्त आणि कोर्स चालू असतानाच दर महिन्याला थोडं थोडं भरत राहायचं. आईने पाटल्यांचा विषय निघायच्या आत चहा ठेवायला उठायचं तंत्र विकसित केलं. मावशीचे मिस्टर म्हणाले, कर्जच घ्या, इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत 8 वर्षं व्याजावर सूट मिळते, लिमिटच नाही! बाबांच्या पगारावर मुळात टॅक्सच बसत नाही हे त्यांना सांगितलं तर म्हणे, मग आधी पगार वाढवा.

या सगळ्यात एकटे काका ठाम. "कर्जबिर्ज काही नको, जर्मनीला जा, फुकट आहे." खरंय, तिथल्या बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही (एका राज्यात मात्र परदेशी पोरांकडून सेमिस्टरला 1500 युरो घेतात). पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो टाकायचे आणि तिथे गेल्यावर आपलेच पैसे आपल्याला महिन्याला 992 असे मिळतात. आईने विचारलं, फुकट आहे तर मग भरायचं कशाला? यावर काकांकडेही उत्तर नव्हतं, तरी ते रोज संध्याकाळी येऊन जर्मनीचं कौतुक करायचे, जो माणूस कधी कोल्हापूरच्या पुढे गेला नाही तो आम्हाला म्युनिकची हवा सांगत होता.

शेवटी ठरलं, राहतं घर तारण ठेवायचं. प्रॉपर्टी कार्डावर नाव अजून आजोबांचंच, म्हणजे आधी वारसनोंद, मग सगळ्यांच्या सह्या. दोन्ही आत्या आल्या, जेवल्या, रडल्या, आजोबांच्या आठवणी काढल्या आणि सही करतो म्हणाल्या. एवढं सोपं कसं झालं म्हणून मलाच भीती वाटायला लागली.

मग बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट आला. घरावर बोजा. आजोबा असतानाच गावातल्या एका पतसंस्थेकडून ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलेलं, सही आजोबांची, ट्रॅक्टर काकांचा, आणि फेड अजून चालूच आहे.

बाबांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि काकांकडे बघितलं. काका पंख्याकडे बघत म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, जर्मनी..."

सध्या मी जर्मन भाषेच्या ए-वनचा, म्हणजे पहिल्या पातळीचा, क्लास करतोय, डेअर, डी, दास चाललंय. क्लासची फी काकांनी भरली, कुणी मागितली नव्हती.